तीन जनावरांची अट काढली, ते बरोबर झालं का?

बांधावरचा: सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला आणि माढा, मोहोळ, परांडा भागात दावणीची जनावरं दावणीलाच गेली. राज्य सरकारच्या ऑक्टोबरच्या मदत पॅकेजात मेलेल्या दुधाळ जनावराला 37,500 आणि बैलाला 32,000 रुपये. दर केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या निकषांतलेच, पण कुटुंबामागे तीनच मोठ्या जनावरांची मर्यादा उठवली. मला हे पटलं नाही. एका म्हशीवर ज्याचं घर चालतं त्याला सावरायला ही मदत असते. वीस गायींचा मुक्त गोठा (जनावरं न बांधता मोकळी ठेवलेला) हा धंदा आहे, त्यानं विमा काढावा. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून पशुपालकाला हप्त्याचा 15 टक्केच वाटा भरायचा असतो.

मुरघास: धंदा म्हणे! गोठा कर्जावर उभा, दुधाचा दर संघ ठरवणार. चांगली एचएफ (होल्स्टीन) गाय आज लाखाच्या घरात आहे, 37,500 मध्ये धड कालवड येत नाही. त्यातही जुन्या अटीनं वीसपैकी सतरा गायींचा एक रुपया मिळाला नसता. वाहून गेलेला कडबा अन् मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) तर कुणी मोजतच नाही.

बांधावरचा: चाऱ्याचं खरं आहे. पण सगळ्याच गायींचे पैसे सरकार देणार असेल, तर 15 टक्के तरी कोण भरेल?

रतीबवाली: तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, गाडी अडते ती पंचनाम्याला. जनावर वाहून गेलं तर मढं दाखवायचं कुठून? मग जनावराच्या कानातला 12 अंकी ओळखीचा बिल्ला विचारतात. राज्यात जून 2024 पासून नियमच आहे, बिल्ला नसेल तर आपत्तीची मदत नाही. आता बिल्ले कुणाकडे? लिटरमागे 5 रुपये अनुदान हवं होतं म्हणून डेअरीला दूध घालणाऱ्यांनी मारून घेतले. घरोघरी रतीब घालणाऱ्या बाईची एकुलती म्हैस तशीच राहिली. दादा, तुमचा एका म्हशीवाला मर्यादेमुळं नाही, बिल्ल्यामुळं मदतीतून सुटतो.

बांधावरचा: ताई, हे मान्य. बिल्ला नसेल तर शेजाऱ्यांच्या जबाबावर पंचनामा व्हावा.

मुरघास: शेजाऱ्यांच्या जबाबावर? मग गावात एकाएकी किती म्हशी निघतील बघा 😀

वाडा_हलला: मेंढरांचं कुणी बोलेना. केंद्राच्या 2022-26 च्या निकषात मेंढीला 4,000 आणि तेही 30 पर्यंतच. आमचा कळप दीडशे-दोनशेचा. वर आम्ही गावाबाहेर फिरतीवर, मेंढरं मरतात एका तलाठ्याच्या हद्दीत अन् रेशनकार्ड दुसऱ्याच्या. दोघंही म्हणतात, तिकडं जा.

बांधावरचा: मेंढरांची मर्यादा मात्र वाढवलीच पाहिजे.

मुरघास: वा! दोनशे मेंढरं म्हणजे संसार आणि वीस गायी म्हणजे धंदा?

बांधावरचा: हो. मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे फिरत्या तळावर, विम्याचा माणूस पोचत नाही, तुमच्या गोठ्यावर पोचतो. न काढणं ही तुमची मर्जी.

मुरघास: पोचतो हप्त्याच्या वेळी. दाव्याच्या वेळी फोन उचलत नाही, त्याचं बोला.