टेस्ट पास, पण डीमेसेजमध्ये कॉल ट्रेस: हे आपोआप कसं पकडायचं?

बर्डी_टेस्टर
नागपूरच्या ऑफिसात रॅकवर सहा लिनक्स मशीन आहेत. रात्री त्यांवर आमच्या ड्रायव्हरच्या टेस्ट चालतात. एक्झिट कोड शून्य, सकाळी सगळं हिरवं. डीमेसेज (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग) उघडला की मध्येच कॉल ट्रेस (गडबडीच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांची यादी) दिसतो. सध्या प्रत्येक टेस्टआधी डीमेसेजचा बफर पुसतो आणि नंतर ‘एरर’ शब्द ग्रेपनं शोधतो. खरी वॉर्निंग सुटते आणि भलत्याच ओळीवर टेस्ट पडते. शिवाय मे महिन्यात सीपीयूचं ‘टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड’ सुरू होतं. ती ओळ दुर्लक्षाच्या यादीत टाकून द्यायची का?

कर्नलकाका
ग्रेप आधी काढा. जुन्या कर्नलात ईएक्सटी४ (डिस्कची फाइल सिस्टम) ‘एरर्स=रीमाउंट-आरओ’ पर्यायानं नुसतं माउंट केलं तरी तो पर्याय छापून येतो, तिथे तुमची टेस्ट पडणारच. उलट वॉर्न_ऑनच्या (कर्नल कोडमधल्या इशाऱ्याच्या) ओळीत ‘एरर’ शब्दच नसतो आणि तिची लेव्हल ४ असते (० सर्वात गंभीर, ७ सर्वात किरकोळ). लॉकडेपचंही (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) तेच. म्हणजे लेव्हल ३ पर्यंतच गाळणी लावली तरी दोन्ही हातचे जातात.

बफर पुसू नका, पुरावा जातो. रनरनं (टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामनं) टेस्टआधी /डेव्ह/केएमएसजी ही कर्नल लॉगची फाइल उघडून एलसीक कॉलनं शेवटाला जावं, फाइल उघडीच ठेवावी आणि टेस्ट संपली की नॉन-ब्लॉकिंग वाचन करावं. एका वाचनात एकच नोंद मिळते: आधी प्रायॉरिटी, मग अनुक्रमांक, मायक्रोसेकंदातली वेळ, फ्लॅग, अर्धविराम आणि पुढे मजकूर. प्रायॉरिटीचे खालचे तीन बिट म्हणजे लेव्हल, उरलेले फॅसिलिटी (ओळ कोणाकडून आली त्याचा क्रमांक). कर्नलची फॅसिलिटी ०. बाहेरून लिहिलेल्या ओळीला ती मिळूच शकत नाही, त्यामुळे सिस्टमडीची (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) बडबड आपोआप वेगळी पडते.

लेव्हल ० ते ३ आलं की टेस्ट नापास. लेव्हल ४ मध्ये मात्र ‘वॉर्निंग:’, ‘बग:’, ‘सस्पिशियस आरसीयू युसेज’ असे ठरावीक नमुनेच बघा, नाहीतर रोज खोटी बोंब.

वाचताना ईपाइप हा एरर कोड आला तर काही नोंदी वाचायच्या आतच पुसल्या गेल्यात. अशा टेस्टला पास म्हणू नका, ‘अनिश्चित’ म्हणा. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये लॉग बफरचा शिफ्ट १७ असेल तर बफर फक्त १२८ केबी असतो; कर्नलच्या बूट ओळीत लॉग_बफ_लेन=४एम द्या.

इतवारी_रूट
काकांचं बरोबर, पण खरी गोची वेगळीच आहे: बरेच इशारे बूटमागे एकदाच येतात. वॉर्न_ऑन_वन्स (एकदाच छापणारा वॉर्न_ऑन) पहिल्या टेस्टमध्ये वाजला की दुसरीत तोच दोष असूनही लॉग कोरा. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबग फाइलींची जागा) क्लिअर_वॉर्न_वन्स फाइलीत १ लिहिलं की ते पुन्हा जागे होतात; हे प्रत्येक टेस्टआधी करा. लॉकडेप पहिल्या तक्रारीनंतर स्वतःच बंद पडतो, त्याला रीबूटशिवाय इलाज नाही. कासानही (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) एका रिपोर्टवर गप्प होतो, कासान_मल्टी_शॉट दिलं नसेल तर.

जोडीला /प्रॉक/सिस/कर्नल/टेन्टेड बघा; कर्नलात काही बिघडलं की त्या आकड्यात बिट लागतो. वॉर्निंगचे ५१२, ऊप्सचे (कर्नल क्रॅशचे) १२८. पण ‘शून्य नाही म्हणजे नापास’ असं लिहू नका: ड्रायव्हर कर्नल ट्रीच्या बाहेरचा असेल तर तो लोड होताच ४०९६ लागतात. आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहा. बिट एकदा लागला की रीबूटपर्यंत निघत नाही, म्हणून ५१२ लागल्यावर मशीन रीबूट करूनच पुढची टेस्ट.

अडकलेल्या टास्कची ओळ मुळात १२० सेकंदांनी येते. टेस्ट ३० सेकंदांत आटोपली तर ती ओळ पुढच्या टेस्टच्या नावावर चढते, किंवा कोणाच्याच नाही. सिसकटीएलनं (कर्नलच्या सेटिंग बदलणारी कमांड) मुदत २० वर आणा. आणि अशा ओळी एका बूटमध्ये १० च छापल्या जातात. मर्यादा -१ करा.

ऊन४५
तापमानाची ओळ यादीत टाकू नका भाऊ. सीपीयू थ्रॉटल झाला (तापून मुद्दाम हळू झाला) असताना टाइमआउटच्या टेस्टचा निकाल पास असो की नापास, कामाचा नाही. ‘वातावरण’ असा तिसरा निकाल ठेवा आणि ती टेस्ट पहाटे परत चालवा. ओळी मोजण्यातही अर्थ नाही, कारण त्या छापण्यावर पाच मिनिटांची गाळणी आहे, आणि नव्या कर्नलात थोडा वेळ तापलं तर ओळ येतच नाही. त्याऐवजी सिसएफएसमध्ये (/सिस खालच्या फाइलींत) सीपीयू०/थर्मल_थ्रॉटल/पॅकेज_थ्रॉटल_काउंट टेस्टच्या आधी-नंतर वाचा. (रॅकसमोर खसचा कूलर लावायचा विचार असेल तर सोडा, ओलसर हवा थेट बोर्डावर जाते.)

दुर्लक्षाची यादी सगळ्यांना मिळून एक नको, प्रत्येक टेस्टची आपली. फॉल्ट इंजेक्शनच्या (मुद्दाम बिघाड घडवणाऱ्या) टेस्टमध्ये ‘आय/ओ एरर’ अपेक्षितच असते. तिथे ती ओळ आली नाही तर टेस्ट नापास करा.

बर्डी_टेस्टर
केएमएसजीचं आजच लावतो. दोन शंका. एकाच मशीनवर चार कंटेनरमध्ये समांतर टेस्ट चालल्या तर ओळ कोणाची ते कसं कळणार? आणि तपासणीच मुकी झाली, काहीच पकडेनाशी झाली तर?

कर्नलकाका
नाही कळणार, चौघांचा कर्नल एकच. एकेक टेस्ट चालवा, किंवा प्रत्येकीला वेगळी क्यूईएमयू व्हीएम (आभासी मशीन) द्या आणि सीरियल कन्सोल फाइलीत घ्या. मशीन पॅनिक झालं तरी शेवटच्या ओळी हाती राहतात.

दुसऱ्या शंकेसाठी एलकेडीटीएम हे कर्नलात मुद्दाम बिघाड घडवणारं मॉड्यूल आहे. डीबगएफएसमधल्या प्रोव्होक-क्रॅश/डायरेक्ट फाइलीत इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘वॉर्निंग’ लिहिलं की खरी वॉर्निंग पडते. पॅनिक_ऑन_वॉर्न (वॉर्निंग आली की मशीन पाडणारी सेटिंग) ० आहे ना ते आधी बघा. ही रात्रीची पहिली टेस्ट ठेवा, निकाल उलटा मोजा: पास आली तर पुढचं सगळं थांबवा. नंतर रीबूट, कारण ५१२ लागलेले असतात.