मदत हवी आहे: आईच्या गालात पांढरा चट्टा, बायोप्सी करावी का?

करडई
आईच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय. दुखत नाही, जेवते व्यवस्थित. इथल्या दाताच्या डॉक्टरने बघितल्या बघितल्या बायोप्सी सांगितली. मामा म्हणतो, अशा जागी हत्यार लागलं की ते पसरतं. आईला कसलंही व्यसन नाही, त्यामुळे भलतीसलती शंका घेण्याचं कारण नाही. करायची की नाही एवढंच सांगा. सोमवारी बोलावलंय.

तिखटमीठ
बी-१२ तपासा आधी. मला सारखं तोंड यायचं. इंजेक्शनं घेतली, विषय संपला.

दंतकथा
तोंड येणं वेगळं. ते झोंबतं आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं होतं. न दुखणारा चट्टा म्हणजे दुसरीच भानगड. मी डेंटल सर्जन आहे, म्हणून विचारतो: वय काय? कधीपासून आहे? ओल्या कापसाने पुसला तर निघतो का? तिथे तुटका दात किंवा कवळी घासते का? शुगर?

करडई
वय ६२. पुसून जात नाही. दिवाळीच्या आधीपासून असेल, ती कुठे काय सांगते! कवळी नाही. शुगरची गोळी चालू आहे. करू की नको?

काढेवाला
हा सगळा उष्णतेचा प्रकार. ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून लावा, रोज काढा द्या. चाकू-कात्रीच्या नादाला लागू नका.

रात्रपाळी
ज्येष्ठमधाने बीपी वाढतं हो. समोरच्याला काय काय आहे ते न विचारता काढे कसले पाजताय?

निळू_मडगाव
आमच्या गोव्यात जुन्या बायका धुमटी उलटी ओढायच्या, पेटतं टोक तोंडात धरून. त्यांच्या टाळूला असे डाग पडत. तुमची आई ओढते का काही?

करडई
काहीतरीच काय! माळकरी घर आहे आमचं. मिश्री लावते फक्त, तीही दात घासायला. आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात, लहानपणापासून.

रात्रपाळी
घ्या! आणि म्हणे व्यसन नाही.

तिखटमीठ
अवांतर: आमची आजी तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची. शेजारच्या वाड्यापर्यंत ठसका. मग चुरून डबीत. दात घासायला पाच मिनिटं, पण बोट तोंडात अर्धा तास.

दंतकथा
करडई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. चट्टा नेमका जिथे मिश्री दाबून ठेवतात तिथे आहे का, बघा. बहुतेक तिथेच सापडेल. आता तुमचा प्रश्न. बायोप्सीने पसरत नाही. जागा बधिर करून छोटासा तुकडा घेतात, एखाद-दोन टाके. असे बरेचसे चट्टे पुढे काही होत नाहीत, आणि मिश्री बंद केली तर काही विरूनही जातात. पण कुठला चट्टा बिघडणार हे नुसतं बघून मलाही कळत नाही. त्यात मध्ये लाल भाग असेल तर अजिबात थांबू नये, पांढऱ्यापेक्षा लाल जास्त वाईट. दाताचं टोक लागत असतं तर टोक घासून दोन आठवडे वाट बघा म्हणालो असतो. इथे करून टाका.

सांगलीकर_पाटील
सगळं खापर तंबाखूवर. मी तंबाखूला शिवत नाही, फक्त सुगंधी सुपारी, वीस वर्षं. ठणठणीत आहे.

रात्रपाळी
पाटील, नुसती सुपारीही कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच तिला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे शंकेला जागा नाही.

सांगलीकर_पाटील
पूजेला गणपती म्हणून मांडतो ती सुपारी. उगाच बदनाम करू नका.

रात्रपाळी
मांडा की. चघळू नका.

निळू_मडगाव
२०१२ पासून राज्यात गुटखाबंदी ना तुमच्याकडे? टपरीवर मागून बघा, पुडी कुठून निघते ती.

दंतकथा
पाटील, एक करा. तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं उभी आत घाला. जातात?

करडई
अहो, माझा धागा आहे हा! आईला मिश्री सोड म्हटलं तर तिला सकाळी पोट साफ होत नाही म्हणते. आणि सोमवारी उपाशीपोटी न्यायचं का?

दंतकथा
नाही. शुगर आहे, खाऊन जाऊ दे, गोळीही रोजच्यासारखी. मिश्री एकदम सुटत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. पोटाचं बघता येईल, त्यासाठी तंबाखू लागत नाही.

काढेवाला
रात्री त्रिफळा. पोट साफ होणारच.

रात्रपाळी
हा एक मुद्दा मान्य.

सांगलीकर_पाटील
दोन बोटं जातात. तिसरं अडतंय. थंडीमुळे असेल का?

दंतकथा
थंडीचा काही संबंध नाही. तिखट खाल्लं की गालात आग होते का? सुपारी आजपासून बंद आणि या आठवड्यात कुणाला तरी दाखवा. आवळलेला गाल सुपारी सोडली तरी सहसा पहिल्यासारखा होत नाही, पण पुढे आवळत जाणं थांबवता येतं.

करडई
ठीक आहे, नेतो सोमवारी. मामाला मी सांभाळतो. तिला हृदयाची एक गोळी पण आहे, रक्त पातळ करायची. त्याने काही फरक पडत नाही ना?

दंतकथा
अहो, हे आधी सांगायचं! गोळी मनाने बंद करू नका. औषधांची चिठ्ठी सोबत न्या, हृदयाच्या डॉक्टरांना उद्याच फोन करून विचारा, आणि बायोप्सी करणाऱ्याला टेबलावर जाण्याआधी सांगा. नाव काय गोळीचं?