वर्गखोल्यांतली जुनी एव्ही सामग्री टप्प्याटप्प्याने काढायची आहे : आधी काय काढावं? निर्लेखन (जुनी वस्तू नोंदवहीतून रीतसर काढून टाकणं) कसं करावं?

एव्ही_कक्ष :
नमस्कार. विद्यापीठाच्या एका संकुलातल्या ३६ वर्गखोल्यांची दृकश्राव्य व्यवस्था बदलायची आहे. यंदाच्या तरतुदीत पूर्ण बदल १२ खोल्यांपुरताच बसतो. सध्याची स्थिती अशी :

२२ खोल्यांत छताला टांगलेले दिव्याचे एक्सजीए (१०२४×७६८ ठिपक्यांचे) प्रोजेक्टर, टेबलापासून १५ मीटर व्हीजीए (जुन्या पद्धतीची, फक्त चित्र नेणारी) केबल, ८×६ फुटी पडदे. प्रोजेक्टरला मागे एचडीएमआय पोर्ट आहे, पण तो कधी वापरलेला नाही. ८ खोल्यांत शॉर्ट थ्रो (पडद्याजवळूनच चित्र टाकणारे) प्रोजेक्टर आणि इंटरॅक्टिव्ह बोर्ड. बोर्डाचा ड्रायव्हर विंडोज १० च्या पुढे चालत नाही. ६ खोल्यांत फक्त फळा आणि माइक. भांडारात ११ ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर), ५ व्हीसीआर, ७ सीआरटी (काचेच्या नळीचे जुने) टीव्ही आणि साधारण ३०० व्हीएचएस कॅसेट. गच्चीवर एज्युसॅट या शैक्षणिक उपग्रहाची डिश तशीच उभी आहे.

खोल्या ३० बाय २२ फुटी, प्रत्येकीत ६०-७० विद्यार्थी. सगळीकडे ७५ इंची पॅनेल (टीव्हीसारखा सपाट पडदा) लावा असा आग्रह आहे. १२ खोल्या कोणत्या निवडाव्यात? उरलेल्यांचं काय करावं? आणि जुनं सामान नियमात राहून बाहेर कसं काढावं?

तारजोडणी :
मॅडम, खरेदीचं वर्ष बघून यादी करू नका. टेबलापासून पडद्यापर्यंतच्या साखळीत नेमकी कोणती कडी तुटते ते बघा. तुमच्या २२ खोल्यांत ती कडी प्रोजेक्टर नाही, व्हीजीए केबल आहे. इंटेल, एएमडी आणि काही लॅपटॉप कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्येच जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीए बंद होणार. आज प्राध्यापकांच्या हातातल्या लॅपटॉपला एचडीएमआय किंवा यूएसबी-सी असतो आणि मधला अडॅप्टर ऐन तासाला सापडत नाही. प्रोजेक्टरला एचडीएमआय पोर्ट आहेच, म्हणजे पहिला खर्च २२ खोल्यांत केबल बदलण्याचा. तो पूर्ण बदलाच्या मानाने फार किरकोळ आहे, आणि तक्रारींचा मोठा भाग तिथेच मिटतो.

१५ मीटरला साधी तांब्याची एचडीएमआय केबल घेऊ नका. १०८० पी चित्रासाठी १० मीटरच्या आसपासपर्यंत तिचा भरवसा धरता येतो. पुढे चित्र लुकलुकतं किंवा अधूनमधून काळं होतं, आणि दोष प्रोजेक्टरच्या माथी मारला जातो. पर्याय दोन. एक, कॅट-६ (नेटवर्कच्या) केबलवर एचडीबेसटीची, म्हणजे एचडीएमआयचं चित्र लांब नेणारी, ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडी. केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको, कारण एका टोकाचा डबा याच केबलमधून वीज घेतो. ही केबल नेटवर्क स्विचमध्ये घालायची नसते. दोन्ही टोकांना ठळक लेबल लावा, नाहीतर सहा महिन्यांत कोणीतरी ती लॅनच्या सॉकेटात खोचतं. दुसरा पर्याय ऑप्टिकल एचडीएमआय केबल. तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक टेबलाकडे. २५ मिमी पाइपच्या एल्बोतून एचडीएमआयचा प्लग वळत नाही, त्यामुळे भिंतीतून पाइप गेलेला असेल तर कॅट-६ सोयीची : ओढून झाल्यावर टोकाला प्लग दाबून बसवता (क्रिंप करता) येतो. पाइपमध्ये जागा असेल तर जुनी व्हीजीए एक सत्र राहू द्या. जागा नसेल तर तिचा प्लग कापून तिच्याच टोकाला नवी केबल आणि नायलॉनची दोरी बांधून ओढा. दोरी पाइपमध्येच ठेवा, पुढच्या वेळी लागते.

आता आवाज. व्हीजीएच्या जमान्यात लॅपटॉपच्या हेडफोन पोर्टमधून वेगळी वायर अँप्लिफायरला जायची. एचडीएमआय लावला की विंडोज आवाज आपोआप प्रोजेक्टरकडे वळवतं, आणि मागच्या बाकांना काहीच ऐकू येत नाही. टेबलापाशी, ट्रान्समीटरच्या आधी, एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर (आवाज वेगळा काढणारा डबा) बसवा आणि त्याचं आउटपुट अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ला द्या. भिंतीवरचे कॉलम स्पीकर १०० व्होल्ट लाइनचे असतील तर ते चांगले आहेत, बदलू नका. फक्त कोणी ८ ओहमचे स्पीकर त्याच लाइनवर जोडणार नाही हे बघा.

टेबलाचं सॉकेट आणि छताचं सॉकेट शक्यतो एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर घ्या. व्हीजीएवर चढत जाणारे आडवे पट्टे दिसत असतील तर ती बहुतेक अर्थिंगचीच तक्रार असते. एचडीएमआयमध्ये पट्टे दिसत नाहीत, पोर्टच जळतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमन, मग नवी सामग्री.

आता १२ खोल्या. प्रत्येक प्रोजेक्टरच्या मेन्यूत जाऊन दिव्याचे तास टिपून घ्या. हे दिवे बहुतेक ३,००० ते ५,००० तासांचे असतात. ठरलेली मर्यादा ओलांडलेला दिवा फुटू शकतो, आणि आत पारा असतो. अशा १२ खोल्या आधी घ्या. जुन्या मॉडेलसाठी नकली दिवे मागवत बसू नका.

दृश्यमान :
पॅनेलच्या आग्रहाबद्दल. मजकूर वाचायचा असेल तर शेवटचा विद्यार्थी चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा, हा वर्गासाठीचा रुळलेला हिशेब आहे. ७५ इंची पॅनेलची उंची ९३ सेंमी, म्हणजे साडेपाच मीटर, १८ फूट. ८६ इंची घेतलं तरी १०७ सेंमी, म्हणजे २१ फूट. तुमची खोली ३० फुटी आहे. मागच्या तीन-चार रांगांना कोष्टकातले आकडे दिसणार नाहीत, आणि पॅनेलवर हा खर्च झाला की पुढची सात-आठ वर्षं ते बदलता येणार नाही. पॅनेल २० फुटांपर्यंतच्या चर्चाकक्षांना शोभतं. तिथेही भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची) असेल तर साध्या फास्टनरवर टांगू नका. एवढ्या आकाराच्या पॅनेलचं वजन ५०-६० किलोच्या घरात जातं, त्याला आरपार बोल्ट आणि मागे पट्टी हवी.

तुमचे ८×६ फुटी पडदे ठेवा. १६:१० चा, म्हणजे डब्ल्यूयूएक्सजीए (१९२०×१२०० ठिपक्यांचा) प्रोजेक्टर घेतला तर ८ फूट रुंदीत ५ फूट उंच चित्र येतं. पाच सक तीस : शेवटचा बाक बरोबर हिशेबात बसतो. १६:९ घेतला तर उंची साडेचार फूट आणि मर्यादा २७ फूट. एवढ्या एका कारणासाठी निविदेत १६:१० लिहा. पडद्याखाली एक फूट पट्टी कोरी राहील, चालेल.

छतावरचा माउंट पडद्यापासून किती फुटांवर आहे ते मोजा आणि त्याला ८ ने भागा. १२ फूट असेल तर थ्रो रेशो १.५. नव्या मॉडेलच्या झूमच्या पल्ल्यात हा आकडा बसला की माउंट आणि वीज जिथल्या तिथे राहते. निविदेत हे लिहिलं नाही तर येणारा प्रोजेक्टर चित्र पडद्याबाहेर सांडतो आणि मग कीस्टोनने (चित्राचा आकार बदलणाऱ्या सोयीने) ओढूनताणून बसवतात, त्यात अक्षरं पुसट होतात.

उजेडाबद्दल. ८×५ फूट म्हणजे ३.७ चौरस मीटर. ४,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर साधारण १,०८० लक्स टाकतो. ट्यूबलाइटचा १५० लक्स उजेड पडद्यावर पडत असेल तर पांढऱ्या-काळ्यातला फरक जेमतेम ८ पट उरतो. अभ्यासाच्या मजकुराला १५ पट तरी हवा. फळ्याजवळची ट्यूबची रांग वेगळ्या बटणावर घेतली आणि तो उजेड ५० लक्सवर आला की हाच फरक २० च्या वर जातो. खोलीमागे एक स्विच आणि थोडी वायर, एवढ्यात होतं. जास्त ल्युमेनचा प्रोजेक्टर विकत घेण्याआधी हे करा.

नवीन घेताना लेझरच घ्या. २०,००० तासांचा प्रकाशस्रोत, रोज ६ तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर १५ वर्षं. वीज गेली तरी दिव्यासारखा गरम अवस्थेत अडकत नाही. खडूची धूळ मात्र कोणालाच सोडत नाही. फिल्टर असलेलं मॉडेल असेल तर महिन्यातून एकदा फिल्टर साफ करण्याचं काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

त्या ८ इंटरॅक्टिव्ह खोल्यांत टच गेला तरी प्रोजेक्टर चालतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा निव्वळ बोर्डासाठी जुना संगणक इंटरनेटवर ठेवू नका. लिहायला यूएसबी पेन टॅबलेट द्या. या खोल्या दुसऱ्या टप्प्यात घ्या.

जडसंग्रह :
निर्लेखनाचं काम खरेदीच्या आधी सुरू करा. उलट्या क्रमाने गेलात तर जुनं सामान जिन्याखाली दहा वर्षं पडून राहतं आणि दर लेखापरीक्षणात तोच आक्षेप येतो.

पहिली पायरी, वस्तू आणि जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही यांची गाठ घालणं. प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, नोंदवहीतलं पान, खरेदीची तारीख, किंमत आणि निधी कोणत्या योजनेतला होता हा रकाना. शेवटचा रकाना विसरू नका. केंद्राच्या अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. रीतसर कालबाह्य आणि निरुपयोगी ठरवलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. म्हणून तांत्रिक अभिप्रायात नुसतं ‘नादुरुस्त’ लिहू नका. ‘सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीचा अंदाज नव्या किमतीच्या इतके टक्के, सध्याच्या संगणकाशी जोडता येत नाही’ असं कारणासह लिहा. मग विभागप्रमुखांची शिफारस, निर्लेखन समितीची प्रत्यक्ष पाहणी, अपेक्षित किंमत, आणि तुमच्या लेखासंहितेप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी. मंजुरी आल्यावर नोंदवहीत त्याच ओळीला ठराव क्रमांक लिहून नोंद बंद करायची.

दुसरं, द्यायचं कोणाला. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षभरात कधीही हजार किंवा जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक नग वापरणारी संस्था त्यात मोठी ग्राहक ठरते. संपूर्ण विद्यापीठाचे संगणक, प्रिंटर, एसी मोजले की हा आकडा सहज गाठला जातो. अशा संस्थेने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यायचा असतो. इथेच गफलत होते : निविदेत ‘बायबॅक’ (नव्याच्या बदल्यात जुनं परत घेणं) टाकला जातो आणि जुनं सामान घेणारा पुरवठादार यांपैकी कशातच नोंदलेला नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नाव तपासा, आणि वजन-नगांसह पावती घ्या.

सीआरटी टीव्ही भंगारवाल्याला अजिबात नको. आतल्या तांब्यासाठी नळी फोडली जाते आणि काचेत शिसं असतं. प्रोजेक्टरचे दिवे जुन्या खोक्यात उभे ठेवून वेगळे द्या. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, त्या या ढिगात मिसळू नका.

एज्युसॅट सप्टेंबर २०१० मध्येच निवृत्त झाला, त्यामुळे डिश ठेवण्यात अर्थ नाही. ती तुमच्याच नोंदवहीत आहे का ते मात्र आधी बघा. आणि काढल्यावर बोल्टची भोकं पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगने बुजवा, नाहीतर खालच्या वर्गात गळती ठरलेली.

फीतसंग्रह :
कॅसेटी असेपर्यंत सगळे व्हीसीआर निर्लेखित करू नका. फुनाई या शेवटच्या उत्पादकाने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. पाचांपैकी दोन चालू ठेवा, तिसरा सुट्या भागांसाठी.

३०० कॅसेटी सरसकट डिजिटल करू नका, कारण हे काम कॅसेटच्या लांबीइतकाच वेळ खातं. तीन ढीग करा. विकत घेतलेल्या कॅसेटींना प्रताधिकार आहे, त्या बाजूला. यूजीसीच्या ‘कंट्रीवाइड क्लासरूम’चे (१५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर) कोणी घरी रेकॉर्ड केलेले भाग असतील, तर मूळ प्रत पुण्याच्या ईएमएमआरसीसारख्या (शैक्षणिक चित्रफिती बनवणाऱ्या) निर्मिती केंद्राकडे आहे का ते आधी विचारा. तिसरा ढीग तुमच्याच विद्यापीठातली व्याख्यानं, क्षेत्रभेटी, लोककलांची चित्रणं. यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. हात आधी तिथे घाला.

कॅसेटची झडप उचलून रिळाची कड उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हटकून धरते. अशी कॅसेट यंत्रात घातली तर हेडवर बुरशी बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. चांगल्या कॅसेटी आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा. एस-व्हिडिओ आउटपुट असलेलं यंत्र मिळालं तर उत्तम. पाल (आपल्याकडच्या टीव्हीच्या) पद्धतीचं ७२०×५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) चित्र तसंच ठेवून पकडा. डीव्ही स्वरूपात तासाला १३ जीबी लागतात. दाखवायला छोटी एमपी४ प्रत वेगळी काढा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

भौतिकी_प्रयोग :
११ ओएचपींपैकी दोन-तीन आमच्यासारख्या विभागाला हस्तांतरित करा. निर्लेखनापेक्षा ते कागदोपत्रीही सोपं. आडव्या काचेवर पारदर्शक भांडं ठेवून तरंग, दोन पोलरॉइडच्या मध्ये ताण दिलेली प्लॅस्टिकची पट्टी, पेट्री डिशमधला रंगबदल, हे सगळं अख्ख्या वर्गाला एकदम दिसतं. त्यासाठी अजूनही यासारखं साधं साधन नाही. उरलेल्यांतून चालू हॅलोजन दिवे काढून घ्या. बऱ्याच यंत्रांत २४ व्होल्ट २५० वॉटचे असतात, पण पाटी वाचूनच जुळवा. काचेखालची फ्रेनेल भिंग-चकती उन्हात उघडी ठेवू नका, कागद पेटतो.

एव्ही_कक्ष :
फार उपयोगी. केबल २२ खोल्यांत आणि लेझर १२ खोल्यांत अशी विभागणी मांडते. दोन शंका : एक्सजीए प्रोजेक्टरला एचडीएमआय लावल्यावर अक्षर सुधारेल का? आणि त्या ६ खोल्यांतले कॉर्डलेस माइक हल्ली खरखरतात.

तारजोडणी :
अक्षर थोडं स्थिर होईल, बारीक मात्र दिसणार नाही. प्रोजेक्टरचे ठिपके १०२४×७६८ च राहतात. त्या १० खोल्यांपुरती स्लाइड ४:३ मध्ये आणि अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, अशी सूचना टेबलावर चिकटवा. लॅपटॉप ‘डुप्लिकेट’वर असेल तर त्याचाही पडदा १०२४×७६८ वर घसरतो. ‘एक्स्टेंड’ निवडायला सांगा.

माइकच्या रिसीव्हरवरची वारंवारता वाचा. ७०३ ते ७४८ किंवा ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झमध्ये असेल तर खरखर जाणं कठीण : २०२२ च्या लिलावात या ७०० च्या पट्ट्यातला काही भाग मोबाइल सेवेसाठी विकला गेला आहे. असे माइक याच निर्लेखन यादीत घाला. त्या पट्ट्याबाहेरचे असतील तर आधी रिसीव्हरचा अँटेना उघडा करा. बहुतेक ठिकाणी तो लोखंडी कपाटात कोंबलेला असतो.