आपल्या गावचा गाणारा, समोर बसून ऐकलेला

गाणं स्वतः रचणारा, चाल स्वतः लावणारा आणि आपल्याच तालुक्यात राहणारा गायक समोर बसून ऐकला असेल, तर त्या रात्रीबद्दल इथे लिहा. डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्याचे बुवा, शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे गाण्यातून सवाल-जवाब करणारे शाहीर, गिटार घेऊन मालवणीत गाणारी मुलं, सगळे चालतील. गाणाऱ्याचं नाव नको, पण गाव किंवा तालुका सांगा.

सुरुवात मी करते. कणकवलीजवळच्या आमच्या गावात जत्रेला डबलबारी होती. दोन बुवा समोरासमोर, दोघांकडे आपापली पेटी, पखवाज, झांजा आणि मागे कोरस धरणारी पोरं. समोरच्यांची बारी चालू असताना आमचे बुवा देवळाच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर काहीतरी खरडत होते. मला वाटलं, सवालाचं उत्तर लिहितायत. अभंग झाला, गौळण झाली आणि शेवटच्या गाण्याला, म्हणजे गजराला, त्यांनी तो कागद पेटीवर ठेवला. त्यात आमच्या वाडीची शाळा होती. पट कमी म्हणून त्याच जूनमध्ये बंद झालेली, चौथीपर्यंतची. घंटा कुठे टांगलेली असायची, पावसात कुठल्या खिडकीतून पाणी यायचं, सगळं त्या गजरात आलं. माझ्या शेजारी बसलेली काकी दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा कोरसबरोबर म्हणायला लागली. निवृत्त गुरुजी उठले, बक्षिसाची नोट पेटीवर ठेवली आणि बुवांचा हात धरून तसेच उभे राहिले. तो गजर बुवांनी पुन्हा कुठे म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

*वेंगुर्ल्याहून*
चतुर्थीच्या दिवसांत आमच्या घरी येणारे बुवा दरवर्षी एक कडवं घरातल्या माणसांवर रचतात. आजी गेली त्या वर्षी त्यांनी तिच्या हातच्या खापरोळ्यांवर रचलं. बाबा आत निघून गेले.

*श्रीवर्धनहून*
३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं ते आमच्याच किनाऱ्यावर. आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर आमचं घर चालत होतं. वडिलांनी नंतर त्या दिवसाचा विषयच कधी काढला नाही.

अडीच-तीन वर्षांनी एका मुलाचा कार्यक्रम ठेवला होता, शाळेच्या पटांगणात. गिटार आणि सोबत एक ढोलकी, एवढंच. त्याच्याही घरची वाडी गेलेली. वादळावरचं गाणं म्हटल्यावर मी थोडी धास्तावलेच, कारण वडील शेजारी होते. पण त्या गाण्यात वारा नव्हता की रडारड नव्हती. नवं रोप लावलं की फळाला यायला सहा-सात वर्षं जातात, तर तोवर आपण किती वर्षांचे असू, आई किती वर्षांची असेल, कुत्रा असेल का, एवढाच हिशेब तो गात होता. ते बोटांवर मोजणं ऐकता ऐकता वडिलांची बोटं हलायला लागली. घरी येताना ते म्हणाले, "त्याने अंतर बरोबर धरलंय हो. दाट लावून उपयोग नाही." गाण्यात अंतराचा उल्लेख नव्हता. पण त्या वाटेवर ते वाडीबद्दल घर येईपर्यंत बोलत राहिले.

*गुहागर तालुक्यातून*
मला आवाजाबद्दल लिहायचंय, कारण त्यात फार वाया जातं. शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला माणूस शब्दांसाठी येतो. शाहीर सवाल टाकतो, गुरूचं आणि स्वतःचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो, ते ऐकण्यात खरा आनंद. आणि आपण ध्वनिक्षेपकाला इतका एको लावतो की ढोलकीपलीकडे काही कळत नाही.

गेल्या गणपतीत रात्री १० ला आवाज बंद करावा लागला. नियमच आहे तो; मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. शाहिरांनी नाचणाऱ्या पोरांना बसवलं, मुलांना पुढे बोलावलं, ढोलकीवर हलका हात ठेवायला सांगितलं आणि माइकशिवाय गवळण म्हटली. वीस वर्षं त्यांना ऐकतोय, पण त्यांचा प्रत्येक शब्द त्या रात्री प्रथमच कानात आला. मंडळांनी कृपया एको कमी करावा आणि ते पैसे शाहिरांच्या मानधनात घालावेत.

*परळहून, मूळ गाव संगमेश्वर तालुका*
दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुरा ऐकत वाढलो. आमचे शाहीर गिरणीत होते, पाळी संपवून यायचे. गावच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं नाव गाण्यात आलं की मागच्या रांगेतून शिट्टी यायची ती माझ्या वडिलांची.

*देवगडहून, शिक्षिका*
सातवीच्या मुलांना घेऊन गेले होते. गायक आमच्याच बंदरावरचा, गाणी सगळी मालवणीत. संपल्यावर एका मुलाने त्याला विचारलं, "तुमी शाळेत पण असाच बोलायचात?" तो म्हणाला, "बोलाचंय. मगे मार खायचंय." म्हणजे बोलायचो, मग मार खायचो.

पुढच्या आठवड्यात पावसावरचे निबंध तपासायला घेतले. त्याच मुलाच्या वहीत ओढ्याऐवजी 'व्हाळ' होता, तीन वेळा. मी तो तसाच ठेवला आणि वर्गात वाचून दाखवला.