प्रतिसाद: अपेक्षा सोडलेल्या दाराआडून
सुखद धक्का अनोळखी माणसांकडूनच मिळतो, कारण त्यांच्याकडून आपली काही अपेक्षा नसते, हे मत मला अर्धेच पटते. ज्याच्याकडून अपेक्षा आपण कधीच सोडून दिलेली असते, तो ओळखीचा माणूसही असा धक्का देऊ शकतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फूटही मागे टाकले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाल्याने मुलीकडे पुण्याला गेलेले आम्ही दोघे तिथेच अडकलो. शाहूपुरीतले आमचे घर तळमजल्यावरचे, त्यामुळे वडिलांच्या बाजाच्या पेटीची आशा मी सोडलीच होती.

परतलो तेव्हा भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती, पण पेटी जागेवर नव्हती. सामाईक जिन्याच्या वादामुळे ज्यांच्याशी आठ वर्षे बोलणे नव्हते, त्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मागच्या दाराचे कुलूप तोडून ती स्वतःच्या पलंगावर नेऊन ठेवली होती आणि भात्याला ओल लागू नये म्हणून तिच्यावर घोंगडे पांघरले होते. "तुमचे आण्णा पहाटे वाजवायचे, ते आम्हाला वर ऐकू यायचं," एवढेच काकू म्हणाल्या. तेव्हापासून दसऱ्याला त्या पेटीची पूजा काकांच्याच हातून होते.