साबा बेटावरचे ‘द बॉटम’ इतक्या उंचावर का वसले?

नकाशावेडा: कॅरिबियन समुद्रातले साबा हे डच बेट जेमतेम 13 चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या राजधानीचे नाव ‘द बॉटम’, म्हणजे तळ. प्रत्यक्षात मात्र हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 250 मीटर उंचीवर आहे. चहूकडे समुद्र असताना लोकांनी डोंगरात वस्ती का केली आणि रस्ता नव्हता तेव्हा सामान वर कसे जात असे?

कातळवाट: कारण साबाला किनारा असा जवळपास नाहीच. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी असून त्याचे कडे थेट पाण्यात उतरतात. वेल्स बे येथे वाळूची एक पट्टी उन्हाळ्याच्या सुमारास उघडी पडते, पण पुढे लाटा तीही ओढून नेतात. डोंगरांच्या मधल्या वाडग्यासारख्या खोलगट भागात थोडी सपाट जमीन मिळाली आणि तिथेच गाव वसले. वाडग्याच्या अर्थाच्या डच शब्दावरूनच हे नाव पडले, असे सांगतात. लॅडर बे येथे होडी लाटांवर हेलकावत असतानाच माणसे पाण्यात उभी राहून सामान उतरवून घेत आणि खडकात कोरलेल्या सुमारे 800 पायऱ्या चढून ते डोक्यावरून गावात नेत.

जुनीपाने: या बेटावर रस्ता होणे शक्य नाही, असे डच अभियंत्यांचे मत होते. तेव्हा जोसेफस लँबर्ट हॅसेल या स्थानिक गृहस्थांनी पत्राद्वारे स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि 1938 मध्ये, यंत्रांची मदत नसताना, गावकऱ्यांना हाताशी धरून काम सुरू केले. फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला टप्पा 1943 मध्ये झाला, पण त्यावरून धावायला पहिली मोटार 1947 साली आली!

कातळवाट: बहुतेक पर्यटक येतात ते 1987 पासून संरक्षित असलेल्या सागरी उद्यानात बुड्या मारायला. माझ्या मते खरे साबा वर आहे. माउंट सीनरीच्या 1,064 पायऱ्या चढताना हवा गार होत जाते, झाडांची खोडे शेवाळाने मऊ होतात, वृक्षनेचे दाटतात आणि माथ्यावरचे जंगल बहुधा ढगातच असते.

नकाशावेडा: मग गावाला पाणी त्या डोंगरातूनच येते का?

कातळवाट: नाही, बारमाही ओढा बेटावर एकही नाही. लाल छपरांवर पडणारा पाऊस पन्हळींतून घराच्या टाक्यांत साठवायचा, ही तिथली जुनी रीत आहे.