आठ दिवसांत फॉक्सप्रो वेबवर? पडदे होतील, डेटाचं बोला

वाशिष्ठीकाठ
काल इथे एका शहाण्याने लिहिलं: "डीबीएफ फाइली लो-कोड टूलला द्या, आठ दिवसांत वेब ॲप. अजून फॉक्सप्रो चालवतात ते आळशी." म्हणून हा धागा. नवख्यांसाठी: फॉक्सप्रो म्हणजे जुना डेटाबेस प्रोग्राम, डीबीएफ म्हणजे त्याच्या डेटाच्या फाइली, लो-कोड म्हणजे फारसा कोड न लिहिता ॲप बनवणारं टूल.

पडदे, म्हणजे स्क्रीन, आठ काय, चार दिवसांत होतात. ओरॅकलच्या एपेक्सला (लो-कोड टूल) टेबल दाखवलं की रिपोर्ट आणि फॉर्म तयार, कबूल. पण आंब्याची पट्टी (बागायतदाराला मिळणारा विक्रीचा हिशेब) घ्या. हमाली, तोलाई, गाडीभाडं कुठल्या क्रमाने वजा होतं, पैसे कुठे राउंड होतात, हे डीबीएफमध्ये नसतं. ते पीआरजीत (प्रोग्रामच्या फाइलीत) आणि फॉर्मच्या व्हॅलिडमध्ये (रकाना तपासणाऱ्या कोडात) असतं, आणि टूल बघतं फक्त टेबल. वर रिकाम्या तारखा: डीबीएफमध्ये आठ स्पेस, एसक्यूएल सर्व्हरमध्ये (नव्या डेटाबेसात) गेल्या की बऱ्याचदा ३० डिसेंबर १८९९. खोडलेल्या नोंदी पॅक (कायमची सफाई) करेपर्यंत फाइलीतच पडून असतात. नोंदीच्या पहिल्या बाइटातली चांदणी (*, खोडल्याची खूण) न बघणारा इम्पोर्टर रद्द पावत्या जिवंत करतो. मग बसा ताळेबंद जुळवत.

ब्राउझरवाला
तो शहाणा मीच. सेट डिलीटेड ऑन (खोडलेल्या नोंदी लपवा) करून कॉपी टू (दुसऱ्या फाइलीत उतरवा) करा, चांदणीचा प्रश्न मिटला. सगळे कॉलम आधी टेक्स्ट म्हणून कच्च्या टेबलात उतरवा, रिकामी तारीख नल (मूल्यच नाही अशी) करा, मग खऱ्या टेबलात टाका. नोंदींची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळली की पुढचं टेबल. यात रडण्यासारखं काय आहे?

व्हीएफपी ९ चा (व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती) सपोर्ट १३ जानेवारी २०१५ ला संपला. फाइल २ जीबीला अडकते. लिहिता लिहिता लाइट गेली की सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) फुटू शकते, आणि आपल्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतरही चिपळुणात कुणी सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअप शेजारच्या कपाटात ठेवत असेल तर हात जोडले.

नंबरपॅड
लाइट जाते म्हणता आणि वर वेब ॲप सुचवता? नेट काय लाइटीशिवाय चालतं?

माझं दुखणं वेगळं. फॉक्सप्रोत एंटर म्हणजे पुढचा रकाना. ब्राउझरात एंटर म्हणजे बहुतेक फॉर्म सबमिट. उजव्या हाताने पेट्यांचे आकडे मारणाऱ्याला टॅबची कळ शोधायला लावलंत तर अर्धवट पट्ट्या सेव्ह होणार. कळ दाबल्याचा इशारा (कीडाउन) पकडून कर्सर पुढच्या रकान्यात न्यायला जावास्क्रिप्ट लिहावी लागते, म्हणजे लो-कोडात कोड आलाच. डॉट मॅट्रिक्सला सीएचआर(१५) हा कोड पाठवला की अक्षर आक्रसतं, ८० कॉलमच्या कागदावर १३२ मावतात. ब्राउझर तेच पान चित्र करून पाठवतो आणि प्रिंटर कण्हत बसतो. रॉ प्रिंट (चित्र न करता थेट अक्षरं) हवी तर प्रत्येक मशीनवर वेगळा एजंट (छोटा प्रोग्राम) बसवा.

दर्यावर्दी
तुमचा सगळ्यांचा म्हणणा बरोबर आसा, पण फॉन्टाचा काय? नावां सगळी जुन्या मराठी फॉन्टात आसत.

ब्राउझरवाला
युनिकोडचा कन्व्हर्टर मारा. संपलं.

कानामात्रा
संपलं? अहो, आधी ते इस्की (भारतीय लिप्यांचा जुना प्रमाणित संकेत) आहे की फॉन्टातल्या आकारांचे नुसते तुकडे, हे तरी बघितलंत का? इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, ते सोपं. फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो. "स्थि"ची वेलांटी अख्खं जोडाक्षर ओलांडून त्याच्यानंतर न्यावी लागते. रफार आणि अनुस्वार एकाच तुकड्यात असले की साधे कन्व्हर्टर तिथेच गडबडतात.

पुढे लांबी. युटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) देवनागरीचा प्रत्येक संकेत, म्हणजे अक्षर किंवा मात्रा, ३ बाइट. ओरॅकल डेटाबेसला व्हारचार२ (मजकुराचा रकाना) पुढे नुसतं ३० लिहिलंत तर मूळ सेटिंगमध्ये ते ३० बाइट होतात. "वेळणेश्वर" २७ बाइट, बसलं. "सिंधुदुर्गनगरी" ४२, एरर. कॅर (बाइट नव्हे, अक्षरं) असं स्पष्ट लिहा आणि ६० द्या.

"कऱ्हाडकर"मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि अदृश्य जोडक. दिसायला सारखेच. खातं समोर असून शोध "सापडत नाही" म्हणतो, कारकून दुसरं खातं उघडतो. सेव्ह करण्याआधी एकाच रूपात आणा.

आणि ळ! युनिकोडात तो ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. नुसत्या संकेतक्रमाने लावलं तर मंडणगडच्या गावांच्या यादीत वेळास आधी, वेसवी नंतर. मराठी माणूस ळ ह च्या पुढे शोधतो.

वाशिष्ठीकाठ
बघा. मूळ प्रश्न वेब ॲपचा होता, आपण ळ वर येऊन ठेपलो. हेच तर सांगत होतो.

ब्राउझरवाला
कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारी सेटिंग) नावाची गोष्ट असते, मराठीचं लावा आणि वेळास-वेसवीवर तपासा. रडगाणी कशाला?

कानामात्रा
मग काल ते का नाही लिहिलंत? काल फक्त "आळशी" लिहायला वेळ होता.

ब्राउझरवाला
बरं, आळशी शब्द मागे. पडदे आठ दिवस, फॉन्ट आणि पट्टीचा हिशेब वेगळा धरा. धन्य झालात?

नंबरपॅड
आणि एंटरचं?